आधी तिथी, मग तिकीट

प्रश्न असा आहे: कोल्हापुरातून चौघं जण थंडीत वाळवंटात जाऊन तंबूत राहणार आणि तारे बघणार. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि बासष्ट वर्षांच्या आई. हाताशी आठेक दिवस आहेत. जैसलमेर की कच्छ, तंबू आपला न्यावा की तिथला घ्यावा, दुर्बीण कोणती घ्यावी, आणि नाताळच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर टांगलेलं आहे. सुट्टीत जायचं का हे मला विचारू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारा. त्या आठवड्यात अमावास्या असेल तर डोळे झाकून जा. पौर्णिमा असेल तर सुट्टी गोव्यात घालवा, पैसे तरी वाचतील.

हे मी ठेच लागून शिकलोय. माझी पहिली सहल कच्छच्या पांढऱ्या रणाची. तंबूवाल्याने फोनवर सांगितलं, ‘पूनम की रात आइए, उससे बढ़िया कुछ नहीं.’ त्याचं खोटं नव्हतं. पौर्णिमेला मिठाचं ते मैदान दुधासारखं उजळतं आणि लोक तेच बघायला येतात, म्हणून दरही त्याच दिवसांत चढे असतात. पण आम्ही सहा इंची दुर्बीण दोन गाड्या बदलत तिथवर नेली होती, आणि त्या उजेडात वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते. आकाशात चंद्र, व्याध आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे तारे. तेवढे तर रंकाळ्याच्या कट्ट्यावरूनही दिसतात.

वद्य एकादशी ते शुद्ध तृतीया हा आपला हंगाम. त्या सात-आठ रात्रींत चंद्राचा त्रास जवळजवळ नसतो. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य अष्टमीलाही मध्यरात्रीपर्यंत अंधार मिळतो. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहाच्या आतबाहेर मावळतो. मुलगी अकरा वाजता झोपणार असेल तर तुमच्यासाठी वद्य पक्षाचा उत्तरार्ध बरा, कारण संध्याकाळ मोकळी मिळते.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. आपला महिना अमावास्येला संपतो, गुजरातचाही तसाच. राजस्थानात मात्र महिना पौर्णिमेला संपतो. म्हणजे आपण जिला मार्गशीर्ष अमावास्या म्हणतो ती त्यांची पौष अमावस्या. जैसलमेरच्या माणसाला तुम्ही ‘पौष अमावस्या’ म्हणालात तर तो तुमच्यासाठी एक महिना आधीची रात्र राखून ठेवेल. फोनवर तिथी बोलू नका, इंग्रजी तारीखच सांगा.

आता जागा. जैसलमेरला खरी वाळू आहे. सोनेरी टेकड्या, उंट, आपल्या डोक्यात वाळवंटाचं जे चित्र असतं ते सगळं. हवा कोरडी, म्हणून तारे खाली क्षितिजापर्यंत टिकतात. पण सम गावाजवळच्या टेकड्यांवर संध्याकाळी काय असतं ते बघून घ्या: जीपच्या रांगा, हॅलोजन, कालबेलिया नाचामागोमाग डीजे, आणि तो साडेदहाला थांबला तरी तंबूंचे दिवे रात्रभर चालू. शहराच्या आसपास पवनचक्क्यांची मोठी रांग आहे, तिचे लाल दिवे वेगळेच. अंधार हवा असेल तर समऐवजी खुरीच्या बाजूला जा. गाव लहान आणि गर्दी कमी. तो सगळा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे, जिथे माळढोक वाचवायची धडपड चालू आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यासाठी अभयारण्य केलं तोच हा पक्षी. म्हणून तिथे रात्री जीप घेऊन हुंदडू नका.

कच्छचं रण हे वाळूचं वाळवंट नाहीच, आईंना हे आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते हिवाळ्यात आटतं आणि मिठाचा थर उरतो. नोव्हेंबरात काही ठिकाणी अजून चिखल असतो, डिसेंबर-जानेवारीत जमीन धरते. थर वरून टणक दिसला तरी खाली दलदल असू शकते. माझ्या डोळ्यांदेखत एक मोटार दाराच्या उंबऱ्यापर्यंत रुतली आणि ट्रॅक्टर यायला पहाट झाली. पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, आणि रात्री तिथे थांबू देत नाहीत. ‘रणात झोपून तारे बघा’ असं कोणी विकत असेल तर तो रणाच्या कडेचा तंबू विकतोय.

तुमच्यासाठी माझं मत कच्छच्या बाजूने आहे, पण पांढऱ्या रणाच्या कडेला असलेल्या धोरडोच्या तंबूनगरीत नको. खावड्याहून रणातून जो सरळ रस्ता जातो त्याने धोलावीरा गाठा. गाव खडीर बेटावर आहे. दोन्ही बाजूंना रण असल्यामुळे क्षितिज थाळीसारखं सपाट, आणि राहायला साधे तंबू किंवा भुंगे, म्हणजे मातीच्या गोल झोपड्या. दिवसा मुलीला हडप्पाकालीन नगराचे पाण्याचे हौद दाखवा. २०२१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. जवळच लाकडाचे जीवाश्म आहेत, ते पोरांना हौदांपेक्षा जास्त आवडतात असा माझा अनुभव. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. खावड्याच्या बाजूला सौर आणि पवन ऊर्जेचा प्रचंड प्रकल्प उभा राहतोय, त्यामुळे काळा डुंगर आणि त्याच्या आसपासचा अंधार पूर्वीसारखा राहिलेला नाही. खडीर बेटावर अजून बरं आहे.

कोणीतरी तुम्हाला लडाखच्या हानलेचं नाव सांगेल. आकाश अप्रतिम, प्रश्नच नाही. पण ते थंड वाळवंट साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे आणि हिवाळ्यातल्या रात्री तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो. आई आणि मुलीला घेऊन तो विचारही करू नका.

जाण्यासाठी कोल्हापुराहून मोटार काढू नका. भुजपर्यंत बाराशे किलोमीटरच्या घरात होतात. दोन दिवस गाडी हाकून पोचलेला माणूस तारे बघत नाही, घोरतो. बंगळूरहून गांधीधामला आणि जोधपूरला जाणाऱ्या गाड्या मिरजेवरून जातात, त्या बघा. त्या रोज नसतात, म्हणून आधी तिथी, मग गाडीचा वार, मग तंबू, असा क्रम ठेवा. गांधीधामहून किंवा भुजहून भाड्याची गाडी. संक्रांतीच्या आसपास जाणार असाल तर गुजरातेत उत्तरायणाची झुंबड असते आणि रस्त्यावर मांजा आडवा येतो. त्या दोन दिवसांत दुचाकी भाड्याने घ्यायच्या फंदात पडू नका.

तिथे किमान तीन रात्री धरा. एकाच रात्रीचं बुकिंग म्हणजे जुगार. हिवाळ्यात पश्चिमेकडून ढगांच्या लाटा येतात. त्यांच्यामुळे पडणाऱ्या पावसाला राजस्थानात मावठ म्हणतात आणि शेतकरी त्याची वाट बघत असतो. तो खूश, आपण तंबूत. तीनपैकी दोन रात्री मोकळ्या मिळाल्या तरी सहल वसूल.

तंबू तिथलाच घ्या. आपला तंबू नेऊन माळावर ठोकायची हौस मलाही होती, पण हा सीमेलगतचा भाग आहे. वाटेल तिथे मुक्काम केला तर पोलीस किंवा सीमा सुरक्षा दल उठवतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. ड्रोन नेऊ नका. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, ते परदेशातल्या नातेवाइकाने भेट दिलेलं असलं तरी. शिवाय आईंना रात्री संडासला जायची सोय तंबूला जोडून हवी, हा मुद्दा दुर्बिणीपेक्षा मोठा आहे.

बुकिंगच्या फोनवर मी काय विचारतो ते सांगतो, कारण सगळी सहल इथे जिंकली किंवा हरली जाते. जेवण काय, गरम पाणी आहे का, हे शेवटी. आधी विचारायचं: ‘रात्री दहानंतर बाहेरचे दिवे बंद करता का? जनरेटर किती लांब आहे? शेजारच्या कॅम्पात गाणी लावतात का? तुमच्या सगळ्यात कडेच्या तंबूच्या दक्षिणेला काय आहे?’ चौथ्या प्रश्नावर माणूस गोंधळतो. गोंधळू दे. ज्याने उठून बाहेर जाऊन बघून सांगितलं त्याच्याकडे मी बुकिंग करतो. ‘सर, लायटिंग एकदम फुल असतं, काळजी नको’ असं उत्तर आलं तर नम्रपणे फोन ठेवायचा. एका ठिकाणी मी मालकाला संध्याकाळी बायनॉक्युलरमधून कृत्तिका दाखवल्या. त्यानंतर तिन्ही रात्री तो स्वतः जाऊन मेन स्विच पाडत होता.

थंडीबद्दल कोल्हापूरकरांचा गैरसमज असतो. ‘आमच्याकडं पण थंडी असते की!’ असते, पण आपण त्या थंडीत तास-दोन तास हलत असतो. तारे बघणारा माणूस पाच तास आडवा पडून असतो. कोरड्या मोकळ्या आकाशाखाली जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. दुपारी शर्टावर फिरलेलं माणूस पहाटे दात वाजवतं. जैसलमेरला जानेवारीत पारा सात-आठवर असतो आणि अधूनमधून त्याच्याही बराच खाली उतरतो. कच्छमधलं नलिया तर गुजरातच्या थंडीच्या बातम्यांत दरवर्षी असतंच. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, म्हणून जाड पांघरुणाआधी पाठीखालची फोमची चटई महत्त्वाची. झोपायच्या पिशवीवर किती अंशांपर्यंत आराम मिळेल ते लिहिलेलं असतं. तिथे शून्य ते पाचच्या दरम्यान आकडा बघा.

आणि घोंगडं न्या. खरं, धनगरी, पट्टणकोडोलीच्या यत्रेत मिळतं तसलं. कच्छात मोठी अडचण थंडीची नाही, दहिवराची आहे. समुद्र आणि ओलं रण जवळ असल्यामुळे पहाटेपर्यंत सगळं चिंब होतं. नायलॉनची पिशवी भिजली की गारठते, घोंगडं ओलं झालं तरी ऊब सोडत नाही. मी पिशवीवर घोंगडं टाकतो. शहरातली मित्रमंडळी पहिल्या रात्री हसतात आणि दुसऱ्या रात्री त्याचं एक टोक मागतात.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. तंबूत शेगडी न्यायची नाही. कोळसे विझत आलेत, नुसती धग आहे, पाच मिनिटंच ठेवतो, काही चालणार नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब हवी तर पाण्याची बाटली गरम भरून मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. आईंसाठी दोन ठेवा.

बाकी सरपटणाऱ्या जिवांचं म्हणाल तर थंडीत साप फारसे बाहेर नसतात, विंचवाचा भरवसा नाही. बूट झटकून घालायचे आणि रात्री कोल्हापुरी पायताण तंबूतच ठेवायचं. दिवसा मिरवायला हरकत नाही.

आता आकाश. डिसेंबरअखेर धोलावीऱ्याला सूर्य मावळतो तो जवळजवळ कोल्हापूरच्याच वेळेला, सहाच्या पुढेमागे. पण आपल्याकडे सात वाजता उगवतो तो तिथे साडेसातला. रात्र अर्ध्या तासाने लांब! पुरता अंधार व्हायला साडेसात वाजतात. त्या वेळी देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं दूरचं प्रचंड बेट, जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असते. नुसत्या डोळ्यांना धुरकट डाग दिसतो. त्या डागाचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं चालत आलाय हे मुलीला सांगा, आणि मग गप्प बसा. कृत्तिका किती दिसतात ते प्रत्येकाने मोजायचं, आईंनीसुद्धा. मृग तोवर पूर्वेला आडवा पडलेला असतो. साडेनऊपर्यंत तो अर्ध्यावर चढतो, आणि बाराला ऐन दक्षिणेच्या मध्यावर. त्याच्या तलवारीतला मधला ठिपका म्हणजे तेजोमेघ, वायू आणि धुळीचा चमकता ढग, बायनॉक्युलरमधून त्याचे पंख दिसतात. रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसू, प्रश्वा, व्याध असं तेजस्वी ताऱ्यांचं कडं वर्षात दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळत नाही.

पण एक अपेक्षाभंग आत्ताच उरकून घेऊ. फोटोत दिसते ती भडक आकाशगंगा डिसेंबर-जानेवारीत दिसणार नाही. तिचा झगझगीत गाभा धनु राशीच्या बाजूला आहे आणि तेव्हा सूर्य नेमका तिकडेच असतो. हिवाळ्यातली आकाशगंगा आपल्या दीर्घिकेच्या बाहेरच्या कडेची, मृगाच्या शेजारून जाणारी, फिकट. गाभाच हवा असेल तर फेब्रुवारीअखेरची अमावास्या धरा आणि पहाटे साडेचारला उठा. उलट उल्का हव्या असतील तर डिसेंबर १३-१४ ची रात्र. मिथुन राशीतून येणारा हा वर्षाव आदर्श आकाशात ताशी शंभराच्या वर जातो. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, याची धूळ फेथॉन नावाच्या लघुग्रहाची. त्या रात्री चंद्र नसेल अशा वर्षी बाकी सगळं बाजूला ठेवून जा.

मुलीसाठी एक खेळ. हात ताठ लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. कोल्हापुरात ध्रुव क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर असतो. धोलावीऱ्याला तो अडीच मुठींवर जाईल. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी पुरते वर आलेले नसतात, म्हणून ध्रुव शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधायचा. अगस्त्य या दक्षिणेच्या ताऱ्याचं उलटं. डिसेंबरअखेर रात्री एकच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत वर असतो, कोल्हापुरात दोन मुठी, तिथे जेमतेम सव्वा. निघण्याआधी घरून मोजून वहीत लिहायचं आणि तिथे पुन्हा मोजायचं. पृथ्वी गोल आहे हे पोरगी स्वतःच्या मुठीने शोधेल. आणि हेही तिच्या लक्षात येईल की दक्षिणेचं आकाश आपल्याच गावातून जास्त दिसतं. त्रिशंकू हा दक्षिणेचा तारकासमूह आपल्याकडून एक मूठ वर येतो, तिकडे तो क्षितिजाच्या धुळीतच असतो.

दुर्बीण घेऊ नका. यंदा तरी नको. १० गुणिले ५० चा, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा आणि पन्नास मिलिमीटर भिंगाचा बायनॉक्युलर घ्या, मुलीच्या हाताला जड होत असेल तर ७ गुणिले ३५ चा. आडवं पडून बघायला ताणलेली आरामखुर्ची किंवा चटई, हात टेकायला उशी. दुर्बिणीभोवती एक जण बघतो आणि तिघं थंडीत रांग लावतात. वर कच्छच्या दहिवरात तिच्या काचेवर दर अर्ध्या तासाने धुकं बसतं. कॅमेरा असेल तर १८ मिलिमीटरच्या साध्या लेन्सला अठरा सेकंदांपुढे शटर उघडं ठेवू नका, तारे ओघळतात. लेन्स उघड्यावर बदलू नका. ट्रायपॉडच्या पायांखाली जुन्या चपला ठेवा म्हणजे ते वाळूत रुतत नाहीत. जादा बॅटरी अंगावरच्या खिशात ठेवा, थंडीत ती लवकर मान टाकते.

विजेरीच्या तोंडाला पतंगाचा लाल कागद दोन पदरी गुंडाळा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका नजरेत ती मोडते. आमच्यात नियम आहे: अंधारात जो मोबाइल उघडेल त्याने सकाळी सगळ्यांना चहा करायचा. फिकट वस्तू बघताना नजर जराशी बाजूला टाका, डोळ्याची कड मध्यापेक्षा जास्त बघते.

खाण्याचं फार सांगत नाही. तिकडे बहुतेक ठिकाणी शाकाहारी जेवण असतं आणि गुजरातेत दारूबंदी आहे. तांबड्या रश्शाशिवाय आठ दिवस निघतात, मी काढलेत. रात्री दोनला भूक लागते तेव्हा भडंग, गूळ-शेंगदाणे आणि धपाटे यांच्याइतकं कामाचं काही नाही. भडंग मात्र हवाबंद डब्यात, नाहीतर दहिवराने सादळतो.

आणि निघण्याआधी एक रंगीत तालीम. तुमच्या तारखेच्या आधीच्या अमावास्येला मसाई पठारावर चला. पन्हाळ्याच्या पलीकडे गेलं की शहराचा उजेड पूर्वेला राहतो आणि पश्चिम-दक्षिण बऱ्यापैकी काळी मिळते. दाजीपूरचं मनात आणू नका, अभयारण्यात रात्री थांबू देत नाहीत आणि गव्याला तुमच्या छंदाशी देणंघेणं नसतं. पठारावर पाचही तास काढायची गरज नाही. नऊ ते बारा बसा, खालच्या वाडीत आधी कोणाला तरी सांगून ठेवा. कोणाचे पाय गारठले, कोणाला चष्म्यावर दहिवर आलं, आईंना खुर्ची पुरली की चटई हवी होती, हे त्या तीन तासांत कळतं. मुलीच्या मुठीचं पहिलं मापही तिथेच घेऊन टाका. वही आणि पेन्सिल आणा, थंडीत बॉलपेन चालत नाही.